लँटर्न्सच्या पाच उत्तम निवडी आणि माझी एक गैरहजेरी

मी, थॅडियस व्रोना, वय वर्षे शहाऐंशी, पूर्वीचा धंदा बास्केटबॉलचे खेळाडू हेरण्याचा, राहणार ईरी, पेनसिल्व्हेनिया, एकविसाव्या रस्त्यावरचे हिरव्या दाराचे घर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची खात्री देत नाही. ते येत्या सोमवारी डॉक्टर उघडून बघणार आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भरीस पाडलेले नाही. माझ्या वकीलबाई मिस पेट्रुची यांनी एक छापील नमुना दिला होता. तो मोठ्याने वाचून बघितला, तर श्वास घ्यायला कुठे जागाच नव्हती. म्हणून कलमे त्यांची घेतली आहेत, वाक्ये माझी. १९९८ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिले तेव्हा माझी बायको हेलेना हयात होती आणि तिच्यासमोर खरे लिहिण्याची माझी छाती नव्हती.

कलम १. घर, त्यातले सामान आणि मागचे आवार माझी मुलगी मार्टा हिला. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. गॅरेजवर ठोकलेली बास्केटबॉलची लोखंडी रिंग तिने काढू नये. ती पडेल तेव्हा पडेल. शेजारचे मिस्टर डँको यांनी २००४ साली माझ्या नाशपातीच्या झाडाची फांदी मला न विचारता तोडली. त्यांना मी माफ केलेले नाही, मात्र मार्टाने ते भांडण पुढे चालवण्याची गरज नाही. तिला नाशपाती आवडत नाहीत.

कलम २. बँकेतली शिल्लक मार्टाला. त्यातला दहावा हिस्सा मी ज्या शाळेत शिकलो तिथे दरवर्षी कविता पाठ म्हणण्याच्या बक्षिसासाठी द्यावा. पाचवीत आम्हाला मिस ड्वोरॅक होत्या. त्या आम्हाला खिडकीकडे तोंड करून उभे करत आणि तळ्यावरच्या बर्फाच्या कविता म्हणून घेत. खिडकीतून तळे दिसायचे, तरी कवितेतले तळे मला जास्त खरे वाटायचे. एकदा त्या म्हणाल्या, "व्रोना, तू बाहेर बघतच नाहीस." मी तेव्हा ते कौतुक समजलो. बक्षीस ज्या मुलाला मिळेल त्याने कविता म्हणताना खिडकीबाहेर बघितले पाहिजे, ही माझी अट आहे.

कलम ३. हत्यारे. घडीचे स्टूल, चहाचा थर्मास, दोन दुर्बिणी आणि एकसष्ट वह्या, ज्याच्यासाठी मी खेळाडू हेरले त्या लँटर्न्स बास्केटबॉल क्लबच्या संग्रहाला. वह्यांत खेळाडूंबद्दल जितके आहे तितकेच ढगांबद्दल आहे, हे आधीच सांगून ठेवतो. थांबवायचे घड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच, कोणाला, ते कलम सहामध्ये.

कलम ४. यादी. क्लबला यंदा पन्नास वर्षे झाली. येत्या शनिवारी, सोळा तारखेला, पहिल्या सामन्याआधी आजवरच्या सर्वोत्तम निवडींची क्रमवारी जाहीर होणार आहे आणि ती लावण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. त्याच दिवशी, जिथे बसून आम्ही निवड करायचो त्या खोलीला माझे नाव देणार आहेत.

हे मृत्युपत्र ज्या न्यायाधीशापुढे जाईल त्यांना कदाचित खेळाची आवड नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. दर जूनमध्ये सगळे संघ कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून आळीपाळीने एकेकाला उचलतात. याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात जो जास्त हरला त्याची पाळी आधी येते. त्यामुळे उत्तम निवड म्हणजे उत्तम खेळाडू, असे समजू नये. पहिल्या पाळीला राजहंस उचलणे सोपे असते. सगळे बदकांकडे बघत असताना जो पक्षी कोणाला दिसला नाही तो उचलणे, ही निवड. क्लबने दहा नावे मागितली. मनापासून पाचच निघतात.

पहिला: सायलस मेब्री, १९७९, चौदाव्या पाळीला. दोन अजिंक्यपदे, बारा हंगाम. याबद्दल ईरीत वाद घालणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

दुसरा: हार्लन बॉग्ज, १९७७, तिसऱ्या फेरीत. त्याने अकरा वर्षे दुसऱ्यांसाठी वाट अडवून धरली. त्याच्या आडोशाने इतरांनी नेम धरले आणि पेपरात फोटो इतरांचे आले. शोधला माझ्याबरोबर खेळाडू हेरणाऱ्या ऑरिन लुंडी याने. मी बॉग्जला 'फर्निचर' म्हणायचो. शब्द मागे घेतो.

तिसरा: डेमेट्रियस कोल, १९९६, अगदी पहिल्या पाळीला. हा आंधळ्यालाही दिसला असता. खेळ असा की त्याला खाली ढकलायला हात धजत नाही, म्हणून इथे.

चौथा: रिमास यांकुस, २००३, एकावन्नाव्या पाळीला. लिथुआनियाचा. आमच्यातले कोणी तिकडे गेले नव्हते, टेप बघून घेतला. पोरगा विमानतळावर उतरला आणि आम्ही सगळ्यांनी आधी त्याची उंची मोजली.

पाचवा: टायरेल औझ्ली, १९८५. दोनच हंगाम खेळला, मग गुडघा गेला. हे नाव बघून लोक हसतील. हसोत. त्या दोन हिवाळ्यांत तो डाव्या कोपऱ्यातून उडी मारायचा तेव्हा मी लिहायचे थांबवायचो.

कलम ५. हे लिहिण्यासाठी बाकीची कलमे लिहिली.

मेब्रीच्या नावापुढे 'निवड कोणाची' या रकान्यात बेचाळीस वर्षे माझे नाव आहे. ती गोष्ट या शहरात सगळ्यांना पाठ आहे: बर्फाचे वादळ, रस्ते बंद, आणि एक माणूस गाडी हाकत हॉलिन्स क्रीकच्या छोट्या कॉलेजात पोचतो, तिथे एक खेळाडू आयुष्यातला सगळ्यात वाईट सामना खेळतो, आणि तरीही तो माणूस म्हणतो, हाच. क्लबच्या भिंतीवर माझे वाक्य रंगवलेले आहे: 'गुण मोजू नका.'

मी त्या सामन्याला नव्हतो.

शनिवार, १७ फेब्रुवारी १९७९. सामना दुपारी दोनला होता. माझी गाडी चाळीस मैल अलीकडे एका खानावळीच्या आवारात रुतली. दोन वाजता मी तिथे बटाट्याचे सूप पीत होतो. खिडकीबाहेर इतके पांढरे होते की पाचवीचा वर्ग आठवला. सायलस मेब्रीला मी आदल्या ऑगस्टमध्ये एका चर्चच्या आवारात दहा मिनिटे बघितले होते, एवढीच माझी शिदोरी. त्या दहा मिनिटांवर मी पूर्ण सामना लिहून काढला. त्याचे हात पाण्यावर उतरणाऱ्या बगळ्यासारखे आहेत, असे लिहिले. चेंडू त्याच्याकडे येतो तेव्हा जिम गप्प होते, असेही लिहिले. लिहिता लिहिता मला ते दिसू लागले, आणि जे दिसले ते मी बघितले असे समजलो.

क्लबचा नियम होता की अहवालाला सामन्याच्या तिकिटाचा अर्धा तुकडा टाचायचा. मी लिहिले, वादळामुळे दारावर तिकिटे फाडली नाहीत.

सोमवारी आमचे साहेब बर्ट गॅलॅगर यांनी दोन अहवाल समोर ठेवले. दुसरा ऑरिनचा होता. मला कल्पना नव्हती की तोही निघाला होता. तो दुसऱ्या रस्त्याने गेला आणि पोचला. त्याच्या अहवालाला तिकिटाचा तुकडा टाचलेला होता.

"चार गुण, थॅड," गॅलॅगर म्हणाले. "अकरा वेळा नेम धरला, दोनदा आत. लुंडी म्हणतो घेऊ नका. आणि तू बगळे लिहितोस."

खरे सांगायला तोंड उघडले आणि निघाले ते भलतेच. "गुण मोजू नका," मी म्हणालो. "त्याने पास कोणाला दिले ते बघा."

त्या वाक्यावर गॅलॅगरनी मान डोलावली. ऑरिन मात्र माझ्याकडे बघत होता.

"मी तिथे होतो, थॅड," तो म्हणाला. "छप्पन्न माणसं होती. दुसरं बघण्यासारखं नव्हतं म्हणून मोजली. तू कुठे बसला होतास?"

"वर. दरवाजापाशी."

"त्या जिमला वर बाकं नाहीत."

मी तेव्हा कबूल केले असते, तर फार तर नोकरी गेली असती. पण गॅलॅगर हसले. म्हणाले, लुंडीला त्या बर्फात स्वतःचे बूट तरी दिसले का कोण जाणे. सगळे हसले, आणि त्या हसण्यात मीही सामील झालो. माझी सगळ्यात मोठी चूक खोटा अहवाल नव्हे, ते हसणे आहे.

जूनमध्ये आम्ही मेब्रीला घेतले. ऑगस्टमध्ये ऑरिनचा करार पुन्हा केला नाही. तो अ‍ॅश्टाब्युलाच्या एका शाळेत व्यायामशिक्षक झाला. मेब्री गाजू लागला तसा ऑरिन आमच्या धंद्यात एक विनोद होऊन बसला: समोर बसूनही ज्याला मेब्री दिसला नाही तो माणूस. हा विनोद मी तीनदा माझ्यासमोर ऐकला आणि तीनदा कॉफीत साखर ढवळली.

सायलसला हे काहीही ठाऊक नाही. तो दर उन्हाळ्यात बास्केटबॉलचे शिबिर घेतो आणि त्यातल्या पोरांना सांगतो की त्या आठवड्यात त्याने खेळ सोडायचे ठरवले होते, घरी जायचे बसचे तिकीट खिशात होते. मग कळले की एक माणूस बर्फातून आला, त्याने आपल्याला सर्वात वाईट दिवशी बघितले आणि तरी हो म्हटले. तेव्हापासून आपण कुठलाही वाईट दिवस शेवटचा मानला नाही, असे तो सांगतो. मी त्या शिबिरात पाहुणा म्हणून खुर्चीवर बसतो. पोरे मागे वळून माझ्याकडे बघतात.

म्हणून मी जाहीर करतो की सायलस मेब्रीची निवड उत्तम आहे, तिचे श्रेय माझे नाही, आणि त्या दिवसाबद्दल ऑरिन लुंडीने लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. हे शनिवारी यादीबरोबर वाचले जावे. तसे पत्र मी क्लबच्या संचालिका मिस हॅलोरन यांना आजच सकाळी पाठवले. तासाभरात त्यांचा फोन आला. आवाज गोड होता, पण घाई लपत नव्हती. म्हणाल्या, "मिस्टर व्रोना, खोलीवरची पाटी पितळेची आहे. ती काही खोडरबराने जाणार नाही." मी म्हटले, वितळवा. त्या म्हणाल्या, लोकांना ही गोष्ट आवडते, सायलसचा तरी विचार करा. गेली बेचाळीस वर्षे त्याचाच विचार केल्याची सबब मी स्वतःला सांगत आलो आहे. पत्र वाचले नाही, तर मार्टाने ते पेपरात द्यावे.

कलम ६. थांबवायचे घड्याळ ऑरिन लुंडी याला. स्विस आहे, एका सेकंदाने चुकत नाही. सायलस मेब्री याला ऑरिनचा मूळ अहवाल, तिकिटाच्या तुकड्यासकट. १९८६ साली क्लबचे जुने कागद फेकले तेव्हा मी तो टोपलीतून काढून घेतला होता.

सायलस उद्या साक्षीदार म्हणून सही करायला येणार आहे. मिस पेट्रुची म्हणाल्या की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त सही होताना बघायचे. आणि ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. मी त्याला बोलावले तेव्हा सहावे कलम लिहिलेले नव्हते. पाचवेही नव्हते.

बुधवार, १३ ऑक्टोबर २०२१.

गुरुवारची पुरवणी. सायलस दुपारी आला. खुब्याचे दोन्ही सांधे बदलले आहेत, काठी लागते, तरी दारातून वाकूनच आत यावे लागते. मी सांगितले की सहीआधी एक कलम वाचून दाखवतो. त्याने काठी खुर्चीला टेकवली. मी वाचले. शेवटपर्यंत वाचले.

तो म्हणाला, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचले.

"म्हणजे कोणीच नव्हतं."

"ऑरिन होता."

"त्याने काय लिहिलंय?"

मी कागद पुढे केला. त्यावर टंकलेले आहे ते इथे उतरवतो: 'मेब्री. अकरातून दोन. पाय जड, उत्तरार्धात परत धावताना तीनदा मागे राहिला. मन जागेवर नाही. घरची काही काळजी असावी, कोणीतरी विचारावे. या वर्षी घेऊ नये. मी पुन्हा जाऊन बघेन.'

सायलसने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आई त्या आठवड्यात इस्पितळात होती," तो म्हणाला. "मी कोचलाही सांगितलं नव्हतं."

त्याने कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"बेचाळीस वर्षं पोरांना तुमची गोष्ट सांगतोय, मिस्टर व्रोना. माझ्या मुलांना सांगितली, आता नातवंडांना. शनिवारी तिथे उभा राहून काय सांगू?"

"मला माहीत नाही, सायलस."

"तुम्हाला शब्दांची कधी कमी नसते."

एवढे म्हणून तो उठला. सही केली नाही. दार त्याने हळू लावले, ते मला आपटण्यापेक्षा जड गेले. संध्याकाळी मार्टाचा फोन आला; मी तिला सांगितले की साक्षीदार मिळाला नाही, शेजारच्या डँकोंना विचार. यावरून माझी अवस्था समजावी.

शुक्रवारची पुरवणी. आज बाराच्या सुमारास दारात गाडी थांबली. मला वाटले डँको. सायलस उतरला आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूचे दार उघडायला गेला. त्यातून ऑरिन लुंडी उतरला. मी त्याला १९७९ नंतर एका अंत्ययात्रेत लांबून बघितले होते, तेवढेच. चौऱ्याऐंशीचा आहे, ताठ आहे, ऐकू जरा कमी येते.

"अ‍ॅश्टाब्युलाहून इथवर पंचेचाळीस मैल," सायलस आत येत म्हणाला, "हा माणूस मला माझे चुकलेले नऊ नेम सांगत आलाय. एकेक करून. कुठून मारला, पाय कुठे होता."

"सातव्याला पाय बरोबर होता," ऑरिन म्हणाला. "उगाच मारला पण. बॉग्जसारखा कोणी आडोशाला असता तर गोष्ट वेगळी."

शुक्रवारी आमच्यात मांस चालत नाही, म्हणून मासा तळला होता. दोघांना वाढला. ऑरिनने ताट बाजूला सारले आणि कागद मागितले. पहिल्या कलमापासून वाचायला बसला, बोट ओळीखाली ठेवून. पाचवे कलम आले तेव्हा मी टेबलापाशी उभा होतो. त्याने ते वाचले, पान उलटले, परत मागे आला.

"'मला कल्पना नव्हती की तोही निघाला होता,'" त्याने मोठ्याने वाचले. "होती. मी शुक्रवारी सांगितलं होतं तुला. तू खिडकीबाहेर बघत होतास."

तसे असेल. मला आठवत नाही. त्याच्या म्हणण्यानुसार दुरुस्ती मान्य करतो.

मी म्हणालो, "ऑरिन, मी तुझं आयुष्य—"

"ते मला ठाऊक आहे, मी जगलोय ते," तो म्हणाला. "बायको अ‍ॅश्टाब्युलात भेटली. तुझ्या कवितेत ते बसणार नाही, पण तसं झालं. आणि तरीही तू हसलास ते वाईटच केलंस. ते मी आज सोडणार नाही, सोमवारी तुझी छाती उघडणार असली तरी."

मी म्हटले, सोडू नकोस.

मग त्याने माझ्या हातातला पेन घेतला आणि सहाव्या कलमातल्या घड्याळावर रेघ मारली. म्हणाला, माझ्याकडे घड्याळ आहे, मी सही करायला आलोय. सायलसने आपल्या नावापुढची अहवालाची ओळ खोडली. कागद त्याच्या खिशात आहेच, त्याला मृत्युपत्राची गरज नाही. खोडलेल्या दोन्ही ठिकाणी मी आद्याक्षरे केली आहेत. घड्याळ आता मार्टाला.

यानंतर आमचे यादीवरून भांडण झाले. ते इथे लिहीत नाही, कारण माझा मुद्दा पडला हे मान्य करायची तयारी अजून नाही.

वरील मजकूर मी वाचला आहे, समजला आहे, आणि तो माझा आहे.

ठिकाण: ईरी, पेनसिल्व्हेनिया.
शुक्रवार, १५ ऑक्टोबर २०२१.

(सही) थॅडियस व्रोना

साक्षीदार १. मिस्टर व्रोना यांनी माझ्यासमोर सही केली. पाचवे कलम मी तीन वेळा वाचले. उद्या क्लबमध्ये ते दुसरे कोणी वाचणार नाही, मी वाचणार. मिस्टर लुंडी माझ्याशेजारी बसतील.
(सही) सायलस मेब्री

साक्षीदार २. सही माझ्यासमोर झाली. व्रोना शुद्धीवर आहे आणि खोलीत हजर होता. दुसऱ्या क्रमांकाला माझी हरकत आहे. बॉग्जला त्याने लाज वाटून वर चढवला आहे. बॉग्जला मी शोधला, मी त्याला ओळखतो. बॉग्ज पाचवा.
(सही) ऑरिन लुंडी